पावसात कमावणारं पातं

साताऱ्याहून सज्जनगड मागे टाकून ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पठारावर गेलात की पवनचक्क्या सुरू होतात. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या सड्यावर तर त्यांचं रानच आहे. सुझलॉन कंपनीचं ३५० किलोवॅटचं यंत्र तिथला जुना रहिवासी. त्याच्या पात्यांच्या वर्तुळाचा व्यास साधारण ३३ मीटर. करसवलतीसाठी पैसे घातलेल्या अनेकांना युनिटं किती पडतात याची फारशी फिकीर नव्हती, हे स्पष्ट बोलू. वाऱ्याच्या अव्वल जागा मात्र त्यात अडकून बसल्या.

आता त्या जागांवर नवं, सुधारलेलं पातं आणायला हवं. पण पातं सुधारायचं म्हणजे काय? वाऱ्यातली सगळी ताकद काढून घेता येत नाही. घेतली तर वारा पात्यामागं तुंबेल. आल्बर्ट बेट्झनं १९१९ साली हिशेब मांडला : जास्तीत जास्त ५९.३ टक्के. चांगली पाती आज पंचेचाळिशीच्या आसपास आहेत. आकार आणि पीळ घोटून आणखी थोडं मिळेल, पण घसघशीत वाढ लांबीत आहे. व्यास दुप्पट, तर कवेत येणारा वारा चौपट. त्याच कंपनीच्या नंतरच्या एका यंत्राचा व्यास १२० मीटर आहे आणि क्षमता २.१ मेगावॅट. म्हणजे वारा तेरापट कवेत, जनित्र मात्र सहापटच! हे मुद्दाम केलेलं आहे. वारा मंदावला तरी जनित्राला काम पुरावं. सांगलीत ढालगावच्या कोरड्या माळाला असलं यंत्र मानवेल.

सड्यावरची गोष्ट निराळी. तिथं वारा येतो तो पावसाला घेऊनच. पवनचक्क्या ढग पळवतात, अशी ओरड दुष्काळात आपल्याकडं झाली होती. आषाढात चाळकेवाडीला जाऊन बघा, ढग पात्यांतच बसलेला असतो आणि धो धो कोसळत असतो. उलट पाऊसच पात्याला खातो. मोठ्या पात्याचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरनं फिरतं. त्या वेगाला थेंब खड्यासारखा लागतो. पुढच्या कडेचा आधी रंग उडतो, मग फायबरला खळगे पडतात, हवा पात्यावरून नीट सरकेनाशी होते आणि ऐन कमाईच्या महिन्यांत वीज घटते. म्हणून आपल्या पात्याची कड पॉलियुरेथेनच्या थरानं आधीच मजबूत हवी. डागडुजीही मेअखेर उरकायला हवी. जुलैत दोराला लटकून ते काम कोण करणार?

दुसरी अडचण घाटाची. साठ मीटरच्या आसपासचं अखंड पातं ठोसेघरच्या वळणांवरून न्यायचं कसं? जीई कंपनीच्या ‘सायप्रस’ यंत्राचं पातं दोन तुकड्यांत येतं आणि जागेवर जोडतात. जोडानं वजन वाढतं, तरी मला हाच रस्ता आपल्या सोयीचा वाटतो.

केंद्राच्या २०२३च्या धोरणानं २ मेगावॅटखालच्या जुन्या यंत्रांच्या जागी नवी बसवायला वाट दिली आहे. पण एका मोठ्या यंत्राला मोकळा वारा द्यायचा तर शेजारची कित्येक जुनी उतरवावी लागतात, आणि त्यांचे मालक निरनिराळे. तेव्हा नकाशा काढण्याआधी या मालकांना एका सतरंजीवर बसवावं लागेल. सोबत ज्यांच्या शिवारातून पाती जाणार, त्या गावांनाही.