समुद्रातले रान

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही गोवा सरकारच्या नोकरीतले साधे कर्मचारी, शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. शास्त्रज्ञ म्हणून बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण जेट्टीवर मासळीच्या नोंदी करताना जे प्रश्न पडले आणि त्यांची उत्तरे शोधताना जे वाचनात आले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या ताटातल्या तारल्याचे मूळ डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींत आहे. त्यांना वनस्पती प्लवक म्हणतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळजवळ निम्मे हेच करतात. त्यांतले डायटम म्हणजे तारल्याचे मुख्य खाद्य. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळ खालचे थंड पाणी वर येते, सोबत नायट्रेट, फॉस्फेट आणते आणि समुद्रात जणू रान माजते.

उत्तर अरबी समुद्रात हेच काम हिवाळ्यातले कोरडे, थंड वारे करतात. वरचे पाणी गार होऊन खाली जाते आणि खालचे खत वर येते. तिथे पूर्वी हिवाळ्यात डायटमचे राज्य असे. २००० नंतर मात्र त्यांची जागा नॉक्टिल्युका नावाचा हिरवा जीव घेऊ लागला. रात्री लाटा निळ्या चमकतात, आपण मुलांना घेऊन पाहायला धावतो, तो हाच. त्याच्या पोटात हिरव्या पेशी राहतात आणि वर तो डायटमही खातो. मासे त्याला फारसे खात नाहीत, जेलीफिशसारखे जीव खातात.

हे का घडले? हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली याचा संबंध कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला. २०२० साली आणखी एक कारण पुढे आले: हिमालयातले बर्फ घटल्याने हिवाळी वारे उबदार व दमट झाले, पाणी नीट ढवळले जाईना. बर्फ वितळते हिमालयात आणि फरक पडतो अरबी समुद्रात!

आता घरची गोष्ट. चवथीच्या सुमारास नद्यांचे गोडे पाणी समुद्रावर झाकणासारखे पसरते. खाली मेलेले प्लवक कुजते, ऑक्सिजन संपतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नक्वी व सहकाऱ्यांनी २००० साली लिहिले, की हा त्रास वाढला असून शेतातून वाहून आलेले खत त्याला कारण असू शकते. हा त्रास दीर्घकाळ वाढतच चालला आहे का, यावर शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. पण नदीत कुजणारी प्रत्येक वस्तू ऑक्सिजन खाते, यावर कोणाचेही दुमत नाही.

हिमालयाचे बर्फ आपल्या हातात नाही. सांडपाणी, शेतातले खत आणि निर्माल्य मात्र आहे. आपल्या पिढ्या या मातीत रुजल्या, इथल्याच मासळीवर वाढल्या. म्हणून एक विनंती: यंदा मूर्ती शाडूची असो, निर्माल्य पाण्यात न सोडता घरच्या माडाच्या आळ्यात जावो. आम्ही आमच्या घरी हे सुरू केले, तेव्हा आईला प्रथम रुचले नव्हते. आता तीच शेजाऱ्यांना सांगते, ‘बाप्पाचेच ते, झाडालाही चालते.’

गणपती बाप्पा मोरया!