अतितातडीचे

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो आणि पोटासाठी एका कचेरीत कारकुनी केली. संगणकातलं मला फारसं कळत नाही. तरीही आज सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या वेळेविषयी बोलणार आहे. माझी मुलगी पुण्यात हेच काम करते, आणि तिच्या वेळेचा हिशेब चुकला तेव्हा त्याची झळ आमच्या घरापर्यंत आली.

तिच्या अम्मीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, पण करून घ्या. मुलगी म्हणाली, "अब्बा, मी आल्यावरच करू." तारीख ठरली आणि तिचा रिलीज आला. रिलीज म्हणजे तयार झालेला प्रोग्राम ग्राहकाच्या हाती देण्याचा दिवस. दुसरी तारीख ठरली, तेव्हा चालू यंत्रणेत बिघाड निघाला. तिसऱ्या वेळी ऐनवेळची बैठक. मधल्या काळात एका रात्री तिची अम्मी जिन्याची शेवटची पायरी चुकली. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

मुलगी दुसऱ्या दिवशी धावत आली. मी रागावणार होतो, पण तीच रडवेली होऊन म्हणाली, "अब्बा, दिवसभर मी कामच करते. तरी संध्याकाळी हातातलं काम जागच्या जागी असतं."

मी तिला म्हटलं, बेटा, तुझा एक दिवस मला सांग. ती सांगत गेली. सकाळी टीमची बैठक. कोड लिहायला बसावं, तर कुणाचा तरी निरोप, "दोन मिनिटं आहेत का?" मग दुसऱ्याचा कोड तपासायचा, मग ग्राहकाची तक्रार. प्रोग्राम लिहिताना दहा गोष्टी एकदम डोक्यात धराव्या लागतात. डोईवर भरलेली घागर घेऊन चालावं तसं ते असतं. कुणी हाक मारली की पाणी सांडतं आणि पुन्हा विहिरीवर जावं लागतं. हाक दोन मिनिटांची, खेप मात्र अर्ध्या तासाची.

मला आमची कचेरी आठवली. महत्त्वाच्या फायलीवर 'तातडीचे' अशी चिठ्ठी लावत. हळूहळू ती सगळ्याच फायलींवर दिसू लागली. मग 'अतितातडीचे' निघालं. काही दिवसांत तेही सगळ्यांवर चढलं. शेवटी आम्ही ज्या साहेबांचा आवाज मोठा, त्यांची फाइल आधी काढू लागलो. मुलगी हसली. म्हणाली, "आमच्याकडे फक्त चिठ्ठीचा रंग स्क्रीनवर दिसतो."

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. २० जुलै १९६९. अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरत होतं. जमीन काही किलोमीटरवर आली असताना यानातल्या संगणकानं १२०२ क्रमांकाचा इशारा दिला. एका रडारचे त्या वेळी नको असलेले संकेत त्याचा वेळ खात होते आणि सगळी कामं करायला त्याला वेळ पुरत नव्हता. आजच्या साध्या मोबाइलपुढं तो संगणक अगदीच दुबळा. पण तो कोलमडला नाही. त्यानं कमी महत्त्वाची कामं सोडून दिली आणि यान उतरवण्याची कामं चालू ठेवली. हा प्रोग्राम मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखाली एमआयटीच्या प्रयोगशाळेत तयार झाला होता. कामांना असा क्रम देण्याची रचना हॅल लॅनिंग यांची.

ही गोष्ट ऐकून मी तिला एवढंच विचारलं, "त्या संगणकाला क्रम कुणी दिला आणि केव्हा?" माणसांनीच दिला, आणि तोही यान जमिनीवर असताना, डोकं शांत असताना. इशारा वाजू लागल्यावर विचार करायला कुणाला सवड असते? आणि काय करायचं एवढंच त्यांनी ठरवलं नव्हतं, वेळ पडली तर काय सोडायचं हेही ठरवलं होतं.

तिथून मुलीनं तीन गोष्टी सुरू केल्या. संध्याकाळी उठण्यापूर्वी ती उद्याचं एकच मुख्य काम वहीत लिहिते. बाकीची त्याच्याखाली, क्रमानं. सकाळचे दोन तास निरोपांची घंटी बंद. खरोखर आग लागली तर फोन करा, असं टीमला सांगून ठेवलेलं. आणि तिसरी सगळ्यांत अवघड. नवं 'अतितातडीचं' काम आलं की ती नाही म्हणत नाही. यादी साहेबांपुढं ठेवते आणि विचारते, "हे आज घेते. मग यातलं कोणतं उद्यावर टाकू?"

पहिल्यांदा विचारताना तिचा आवाज कापत होता म्हणे. साहेब गप्प झाले, यादी पाहिली आणि म्हणाले, "मग हे नवंच परवा कर." सगळ्याच वेळी असं होत नाही. काही रात्री अजूनही जागाव्या लागतात. पण काय राहिलं, हे आता दोघांनाही माहीत असतं. पूर्वी जे राहायचं ते गुपचूप राहायचं, आणि बहुतेक वेळा ते घरचं असायचं. कारण घरची माणसं कामावर चिठ्ठी लावत नाहीत.

चौथी तारीख तिनं स्वतः ठरवली आणि महिनाभर आधी ऑफिसच्या कॅलेंडरात लिहिली. अम्मीची पट्टी सुटली त्या सकाळी ती शेजारी बसली होती. लॅपटॉप पुण्यातच होता. अम्मीनं तिच्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळलीस गं!"

श्रोतेहो, तुमच्या यादीतही असं एखादं बिनचिठ्ठीचं काम असेल. डोकं शांत आहे तोवर, आज रात्रीच, त्याच्यापुढं तारीख लिहून टाका.