जुना फोन कुणाच्या वाट्याला?

(अंगणवाडी सेविका आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला मोबाईल फोनबद्दल बोलायचं आहे. जुना स्वस्त फोन आणि नवा महागडा फोन यांत फरक काय, हे तर आपण बघूच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की जुना फोन कुणाच्या हातात असतो आणि नवा कुणाच्या?

उदाहरण तुमच्या ओळखीचंच घेऊ. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारकडून स्मार्टफोन मिळाले. त्यांची रॅम होती २ जीबी. रॅम म्हणजे काय? तो स्वयंपाकघरातला ओटा समजा. ओटा लहान असला, की दुसरं भांडं ठेवायला पहिलं उचलावं लागतं. फोन ‘हँग’ होतो तो असाच. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आलं. ओटा तेवढाच राहिला, भांडी वाढली. त्यात ते ॲप इंग्रजीत. फोन तापू लागले, बंद पडू लागले आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच पदरात पडू लागला. ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. काम नको म्हणून नव्हे, तर कामाचं अवजार धड द्या म्हणून!

आता शेजारी दुसरा फोन ठेवू. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगचा गॅलक्सी एस २४ बाजारात आला. रॅम ८ जीबी, अंधारातही स्वच्छ फोटो, पाण्यात पडला तरी सहसा बिघडत नाही. शिवाय सात वर्षं सुरक्षा अपडेट देण्याचं कंपनीचं आश्वासन. तेव्हा किंमत होती जवळपास ८० हजार रुपये. केंद्र सरकारने ठरवलेलं सेविकेचं मानधन ऑक्टोबर २०१८ मध्ये महिना ४५०० रुपये झालं. त्या हिशेबाने हा फोन म्हणजे जवळजवळ अठरा महिन्यांची कमाई.

मग आपण ८० हजारांचा फोन मागायचा का? मुळीच नाही. बोलणं, निरोप, पैसे पाठवणं, नोंदी भरणं यासाठी त्याची गरज नाही. महाग फोनची बरीचशी किंमत कॅमेऱ्याची, झगमगाटाची आणि नावाची असते. पण दोन गोष्टी चैनीच्या नाहीत. एक, फोनचा वेग. दुसरी, सुरक्षा अपडेट.

वेग का? कारण फोन अडकला, की बाईचा वेळ जातो आणि बाईच्या वेळेची किंमत कुणी धरत नाही. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी चेहऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं झालं. फोटो काढायचा, आधारचा ओटीपी घ्यायचा. फोन जुना, नेटवर्क तुटक. ओटीपी जातो नवऱ्याच्या नंबरवर आणि नवरा कामावर. कडेवर तान्हं मूल घेतलेल्या बाईला ‘उद्या या’ म्हणावं लागतं. तिची मजुरी बुडते, वर बोलणी सेविकेला बसतात. दोष फोनचा आणि धोरणाचा; भांडण मात्र दोन बायकांत!

सुरक्षा अपडेट का? फोनमधल्या उणिवा चोरट्यांना कळत राहतात आणि कंपनी त्या बुजवत राहते. तिने ते थांबवलं, की दाराला कडी असून नसल्यासारखी. त्याच फोनवर आपलं बँकेचं खातं आणि लोकांच्या नोंदी असतात.

आता घरात या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा फोन होता. तोही कोणता? नवऱ्याने नवा घेतला, की काच तडकलेला जुना फोन तिच्याकडे येतो. शिळं जसं तिच्या ताटात, तसाच जुना फोन तिच्या हातात. आणि तो एकटा येत नाही. त्यात नवऱ्याचं गुगल खातं तसंच चालू असतं. ती कुठे आहे, तिने कुणाचे फोटो काढले, हे त्याला आपल्या नव्या फोनवर बघता येतं.

म्हणून छळ सोसणारी बाई आपल्याकडे आली, की तिचा फोन कुणाचा होता, हे आधी विचारा. खातं त्याचं असेल, तर मदतीचे फोन दुसऱ्या फोनवरून करू द्या. खातं एकदम काढलं तर त्याला संशय येतो आणि मार तिला बसतो. आधी तिच्या सुरक्षिततेची सोय, मग फोन. फोन साफ करताना पहिल्यांदा त्याचं खातं काढा, नंतर ‘फॅक्टरी रीसेट’ करा. नाहीतर फोन पुन्हा त्याचाच पासवर्ड मागू शकतो.

आपल्या मागण्या सरळ आहेत. कामासाठी दिलेल्या फोनला किमान ४ जीबी रॅम हवी. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, ते फोन देतानाच लेखी सांगावं. दुरुस्ती आणि रिचार्जचा खर्च देणाऱ्याने करावा. फोन चालला नाही म्हणून कुणाचा आहार किंवा मानधन अडू नये. आणि घरात फोन घ्यायची वेळ आली, की नवा कुणाला आणि जुना कुणाला, हे एकदा मोठ्याने विचारा. उत्तर काहीही येवो, प्रश्न तरी घरात शिरेल.