रस्ता रुंद झाला

मंडळी, मालवण समुद्रकाठी, पण मुंबई–गोवा महामार्ग जातो कसालवरून. मुंबईचा पाहुणा कसालला वळतो, मालवणात सिंधुदुर्ग किल्ला बघतो, मासळी जेवतो. त्याच्यावर कितीतरी घरच्या चुली पेटतात.

रस्ता चांगला व्हायलाच हवा होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्री नदीचा जुना पूल पुरात वाहून गेला. दोन एस. टी. गाड्या माणसांसकट गेल्या. २०१७ साली नवा पूल झाला. पुढे कशेडी घाटात बोगदा झाला. आपल्या जिल्ह्यात रस्ता चौपदरी झाला.

पण रस्ता रुंद होतो तो कुणाच्या तरी जमिनीतून. महामार्गासाठी जमीन घ्यायची तर आधी सरकारी राजपत्रात सूचना निघते. मजकूर दोन वर्तमानपत्रांत येतो, त्यांतलं एक आपल्या भाषेतलं. हरकत घ्यायची ती सूचना निघाल्यापासून २१ दिवसांत, आणि लेखी.

आमच्या ओळखीच्या एका बाईंची विहीर अशीच गेली. पैसे मिळाले, पण बोलायची मुदत टळली होती. सूचना घरात आली होती हो! त्याच कागदात बांगडे बांधून आणले होते.

उद्या वर्गाला येताना आपापला सातबारा आणा. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर वाचून बघू.