हाडाची आणि धातूची सोयरीक

(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



आपल्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आज सत्तरीच्या घरात आहेत आणि त्यांतील काहींच्या गुडघ्यात वा खुब्यात धातूचा सांधा आहे. मी भाषेची शिक्षिका. तरीही विषय शास्त्राचा निवडला, कारण तो आता आपल्या घराघरांत आला आहे.

1952 साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरण अभ्यासत होते. प्रयोग संपल्यावर टायटॅनियमचे उपकरण काढू गेले, तर ते हाडाशी एकजीव झालेले! 1965 मध्ये त्यांनी याच धातूच्या आधारावर माणसाचे कृत्रिम दात बसविले.

पुढे उमगले की धातूइतकेच महत्त्व त्याच्या पृष्ठभागाला आहे. गिलावा धरावा म्हणून गवंडी गुळगुळीत भिंत खरवडून घेतो ना, तसेच हे. बारीक कणांचा मारा करून किंवा आम्लाने कोरून टायटॅनियम खरबरीत केले, की हाड घडविणाऱ्या पेशींना पाय रोवता येतात. हा खरबरीतपणा एक-दोन सहस्रांश मिलिमीटर एवढाच हवा. म्हणूनच बिनसिमेंटच्या खुब्यात हाडात रुतणारा दांडा खरबरीत, तर फिरणारा गोळा आरशासारखा असतो. सिमेंटने बसविलेल्या सांध्यात मात्र हाडाला पकड सिमेंटची.

पण जी जागा पेशीला आवडते, ती जीवाणूलाही आवडू शकते. 1987 मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटले. जीवाणू आधी पोहोचले तर स्वतःभोवती चिकट थर विणतात. तेथे प्रतिजैविके फारशी चालत नाहीत आणि कित्येकदा बसविलेला सांधाच काढावा लागतो. ज्याने एकदा ती दुसरी शस्त्रक्रिया सोसली, त्याला या शर्यतीचा अर्थ सांगावा लागत नाही.

निसर्गाने यावर एक तोड काढलेली दिसते. बुढा तालाबासारख्या जलाशयावर भिरभिरणारा चतुर आपण सर्वांनी पाहिला आहे. चतुराच्या पंखांवर अतिसूक्ष्म सुळके असतात आणि त्यांवर टेकलेल्या जीवाणूचे आवरण फाटते, असे 2013 च्या एका संशोधनात दिसले. तसेच सुळके टायटॅनियमवर उमटविण्याचे प्रयत्न चालू आहेत; ते अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत.

तोवर शर्यतीत पेशींना पुढे ठेवणे आपल्याही हाती आहे. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर रक्तातील साखर, किडलेला दात, पायाची जखम यांची चौकशी करतात ती उगाच नव्हे. काही लपवू नका. सांधा सिमेंटचा की बिनसिमेंटचा, हे विचारून घ्या आणि त्याचे नाव-क्रमांक असलेला कागद घरात जपून ठेवा.