दुसऱ्याची वही



विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, कार्यक्रमासाठी पडद्यामागे मुलं-मुली तयार होऊन उभी आहेत, याची मला जाणीव आहे. म्हणून थेट विषयावर येतो.

मी सॉफ्टवेअर करतो आणि एकटाच करतो. सांगली-तासगावच्या बेदाणा बाजारातल्या अडत दुकानांसाठी आणि कोल्ड स्टोअरेजसाठी मी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहितो. प्रोग्राम लिहिणं, दुकानात जाऊन तो बसवणं, तिथला हिशोब लिहिणाऱ्या दिवाणजींना शिकवणं, फोन घेणं, बिल पाठवणं आणि त्या बिलाचे पैसे मागणं ही सगळी कामं माझीच. सॉफ्टवेअर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हिंजवडी किंवा बंगळूर येतं. तिथंही चांगलं काम चालतं, तुमच्यातले अनेकजण तिथं जातील आणि त्यांनी जावंच. पण आपल्या गावात राहून, आपल्या बाजारासाठी सॉफ्टवेअर करून घर चालवता येतं. तो धंदा रोज कसा चालतो, ते आज तुम्हाला सांगतो.

तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी द्राक्षबाग असेल, त्यांना हे माहीत आहे. शेडवर वाळलेला बेदाणा पेट्यांत भरून कोल्ड स्टोअरेजला जातो. सौद्याच्या दिवशी त्याचे नमुने मांडतात, व्यापारी बोली लावतात, माल उचलला जातो. मग अडत्या शेतकऱ्याला पट्टी देतो. त्या एका कागदावर किती पेट्या, किती वजन, काय दर, तूट किती, हमाली, तोलाई, कोल्ड स्टोअरेजचं भाडं, हंगामाआधी घेतलेली उचल, सगळं असतं आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. वर्षभर औषधं मारून, छाटण्या करून, पावसाच्या धास्तीत काढलेल्या पिकाचा निकाल त्या कागदावर असतो. माझा प्रोग्राम तो कागद छापतो.

म्हणून काम करताना एक गोष्ट मी सतत मनाशी धरतो. ही वही माझी नाही. ती अडत्याची आहे, आणि तिच्यातलं एकेक पान एकेका शेतकऱ्याचं आहे. माझ्याकडे ती सांभाळायला दिली आहे. तंत्रज्ञानाचे आणि धंद्याचे माझे सगळे निर्णय या एका गोष्टीवरून ठरतात.

पहिला निर्णय, ही वही ठेवायची कशात? मी ती एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतो. संगणकशास्त्राच्या मुलांना नाव माहीत असेल, पण त्याची जन्मकथा सगळ्यांनी ऐकण्यासारखी आहे. रिचर्ड हिप नावाचा एक अमेरिकन प्रोग्रामर तिथल्या नौदलाच्या विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर करत होता. माहिती एका वेगळ्या सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये असायची. तो सर्व्हर बंद पडला की त्याचा प्रोग्राम फक्त 'डेटाबेसशी संपर्क होत नाही' एवढंच सांगायचा. जहाजाला धक्का बसल्यावर, ऐन गरजेच्या वेळी, हे उत्तर काय कामाचं? सर्व्हरच लागणार नाही आणि सगळी माहिती एका साध्या फाइलमध्ये राहील असा डेटाबेस करावा, असं त्याच्या मनात आलं. २००० साली त्यानं तो प्रसिद्ध केला. आज या सभागृहात जितके अँड्रॉइड फोन आणि आयफोन आहेत, त्या प्रत्येकात एसक्यूलाइट आहे.

आणि हे सांभाळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मूळ प्रोग्रामच्या पाचशे पटींहून अधिक कोड त्यांनी फक्त तो तपासण्यासाठी लिहिला आहे. २०५० सालापर्यंत आपण हा डेटाबेस सांभाळू, आजची फाइल तेव्हाही उघडेल, असं वचन त्यांनी जाहीरपणे दिलं आहे. पंचवीस वर्षांपुढचं वचन देऊन, त्यासाठी आज सकाळी उठून कामाला बसणारी माणसं आपल्या व्यवसायात आहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

त्यांचा कोड कुणालाही फुकट घेता येतो, त्यावर मालकीहक्कही ठेवलेला नाही. मग त्यांचं पोट कसं चालतं? ज्या मोठ्या कंपन्या त्यावर अवलंबून आहेत, त्या सभासदत्वाचे आणि मदतीचे पैसे देतात. म्हणजे पैसा येतो तो सांभाळण्याचा. याच्या उलट काय होतं, तेही जगानं पाहिलं आहे. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणारं ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर जगातल्या असंख्य वेबसाइट वापरत होत्या आणि त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या होत्या सुमारे २००० डॉलर. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात हार्टब्लीड नावाची त्रुटी सापडली. सगळं जग त्या दुरुस्तीमागे धावलं, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की हे काम जवळजवळ पदरमोड करून चाललं होतं.

मी एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे, न संकोचता मागतो ते यामुळे. प्रोग्राम एकदा विकला जातो, कायदा मात्र दर वर्षी बदलतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ई-इनव्हॉइस २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीसाठी सुरू झालं, आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला मर्यादा ५ कोटींवर आली. त्या दिवशी ते माझ्या गिऱ्हाइकांच्या दारात आलं. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेनं स्पष्ट केलं की शेतकऱ्यानं स्वतःचा बेदाणा विकला तर त्यावर जीएसटी लागत नाही. वर्तमानपत्रात ही एका परिच्छेदाची बातमी होती. माझ्या फोनवर मात्र दिवसभर एकच प्रश्न होता, "साहेब, आता पट्टी कशी काढायची?" त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर वेळेवर देण्याचे पैसे मी घेतो. स्वस्तात विकून नंतर फोन न उचलणारा माणूस शेवटी गिऱ्हाइकाला महागात पडतो.

आता मराठीबद्दल. यावर मी थोडा रेंगाळणार आहे.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी दिसायची, पण आत मराठी नसायची. आत इंग्रजी अक्षरं असायची आणि वर देवनागरी आकारांचा फाँट चढवलेला असायचा. फाँट गेला की 'पाटील' या नावाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उरायची. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात, जागा १९९१ सालीच, पहिल्या आवृत्तीपासून मिळाली होती, पण आपल्या दुकानांतून, छापखान्यांतून आणि कचेऱ्यांतून जुने फाँट कितीतरी वर्षं चालू राहिले. त्यात साठवलेली कामाची माहिती आज सहज वाचता येत नाही. पिढ्यान् पिढ्यांचे खातेदार, त्यांची गावं, त्यांच्या उचली, असं सगळं मी अशा जुन्या फायलींतून अक्षर अक्षर जुळवून बाहेर काढतो. कष्टाचं काम आहे, आणि मला ते फार आवडतं. एखाद्या दिवाणजींनी वीस वर्षांपूर्वी घातलेलं नाव पडद्यावर पुन्हा नीट उमटतं तेव्हा मला समाधान वाटतं.

आजही कित्येक पावत्यांवर 'शेतकऱ्याचे नाव' यातला आडवा र धड उमटत नाही. नावांची यादी लावताना ळ कुठं यावा, याची पर्वा केलेली नसते. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो, हे पहिलीच्या मुलाला येतं, पण प्रोग्रामला शिकवावं लागतं. हे शिकवायला परदेशातून कुणी येणार नाही, आणि का यावं? हे तुमचं-माझं काम आहे.

आता वही सुरक्षित ठेवण्याबद्दल. २०१९ चा ऑगस्ट तुमच्यातल्या बहुतेकांना आठवत असेल. कृष्णेचं पाणी सांगलीच्या गणपती पेठेत शिरलं. माझ्या एका व्यापारी गिऱ्हाइकाचं दुकान पाण्याखाली गेलं. संगणक, प्रिंटर, कपाटातल्या कागदी वह्या, सगळं चिखलात गेलं. पण माझा प्रोग्राम दुकान बंद करताना रोज एक प्रत बाहेर पाठवायचा आणि दुसरी मालकांच्या पेनड्राइव्हवर ठेवायचा. पाणी ओसरल्यावर त्यांच्या मेव्हण्यांच्या घरी लॅपटॉपवर आम्ही हिशोब उघडला. कुणाचं किती देणं आहे, ते सगळं जागेवर होतं. त्या मालकांनी पहिलं काम काय केलं असेल? आपलं येणं किती बुडालं ते त्यांनी पाहिलं नाही. ज्या शेतकऱ्यांचे पैसे द्यायचे होते त्यांना एकेक फोन लावून सांगितलं, "काळजी करू नका, तुमचा आकडा माझ्याकडं आहे." मी शेजारी बसून ऐकत होतो. बॅकअपवर तुमच्या अभ्यासक्रमात एखादं पान असेल. ते नीट वाचा.

या बाजाराकडून मी धंदाही शिकलो. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे बंद ठेवतात. व्यापाऱ्यांनी आधीच्या मालाची सगळी येणी-देणी मिटवायची, त्याला बाजारात 'झिरो पेमेंट' म्हणतात. बाकी शिल्लक असताना नवा माल उचलायचा नाही. मला हा रिवाज थोर वाटतो. मीसुद्धा त्या काळात माझी सगळी बिलं वसूल करतो आणि मला ज्यांचं देणं आहे ते चुकतं करतो. सॉफ्टवेअरचे मोठे बदलही मी त्याच काळात देतो. फेब्रुवारीपासून नव्या बेदाण्याची आवक सुरू होते, त्यातच मार्चअखेर येते. त्या दिवसांत दुकानातल्या चालत्या प्रोग्रामला मी हात लावत नाही. नवीन काहीतरी तयार झालंय आणि ते लगेच लोकांना द्यावं, हा मोह प्रत्येक प्रोग्रामरला होतो. तो बाजाराच्या पंचांगापुढे आवरायचा.

सगळेच असे वेळेवर पैसे देत नाहीत. बाहेरगावच्या एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीनं काम पूर्ण करून घेतलं आणि बिल महिनोन् महिने टेबलावरून टेबलावर फिरवलं. तुमच्यातल्या ज्यांना स्वतंत्र काम करायचं आहे त्यांनी एक कायदा आत्ताच लक्षात ठेवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी उद्यम नोंदणी करा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. आणि कामाआधी थोडी तरी आगाऊ रक्कम घ्या. मागताना आवाज खाली जाऊ देऊ नका, कारण मागता ते कष्टाचं आहे.

आता तुमच्या मनातला प्रश्न. एआय प्रोग्राम लिहायला लागलं, मग आमचं काय? मी एआय रोज वापरतो. पूर्वी दिवस घेणारी कामं आता तासात होतात आणि मला त्याचा आनंद आहे. पण एक उदाहरण देतो. एका शेतकऱ्याच्या नावावर पेट्या आल्या. त्या तिघा भावांच्या होत्या. उचल घेतली होती फक्त मधल्या भावानं. पट्टी तिघांची वेगळी हवी, भाडं पेट्यांप्रमाणे वाटून हवं आणि उचल एकाच्याच हिश्श्यातून कापली जायला हवी, नाहीतर घरात भांडण. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. दिवाणजींनी चहा पिता पिता सांगितलं. ते कळल्यावर कोड लिहिणं सोपं होतं, मी लिहिला काय आणि एआयनं लिहिला काय. शिवाय पट्टीत एक रुपया चुकला तर शेतकऱ्यासमोर उभं राहून उत्तर देणारा माणूस लागतो. तो तुम्ही व्हा, असं मला वाटतं. त्यासाठी प्रोग्रामिंग पक्कं हवंच. दुसऱ्याचा कोड वाचून त्यातली खोट ओळखता आलं नाही, तर एआयनं दिलेलं तुम्ही तपासणार कसं?

दुसऱ्याच्या कोडवर किती भार टाकायचा, हेही शिका. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरच्या मोठमोठ्या प्रकल्पांची कामं काही तास अडून बसली. माझ्या प्रोग्राममध्ये मी बाहेरच्या गोष्टी मोजक्याच घेतो, आणि ज्या घेतो त्या वाचून घेतो. आणि गिऱ्हाइकाला त्याची सगळी माहिती साध्या एक्सेल फाइलमध्ये कधीही बाहेर काढता येईल, असं बटण पहिल्या पडद्यावर ठेवतो. लोक विचारतात, असं केलंत तर गिऱ्हाईक सोडून जाईल ना? जाऊ दे की. वही त्याची आहे.

प्राचार्यांशी मघाशी माझं एक बोलणं झालं आहे, ते सांगतो आणि थांबतो. एप्रिलमध्ये बेदाण्याची आवक भरात असते. तुमच्यापैकी ज्यांना हे काम जवळून पाहायचं आहे, त्यांनी एका सौद्याच्या दिवशी माझ्याबरोबर यावं. लॅपटॉप आणू नका, वही-पेन आणा. दिवसभर दिवाणजींच्या शेजारी बसायचं, एकेक पट्टी कशी बनते ते पाहायचं आणि त्यांना पडणारे प्रश्न लिहून घ्यायचे. त्यातला एखादा प्रश्न ज्यांना सोडवावासा वाटेल, त्यांना सुट्टीत माझ्याकडे काम मिळेल आणि कामाचे पैसेही मिळतील. नावं संगणक विभागात द्या. इतर शाखांच्या, विशेषतः वाणिज्यच्या मुला-मुलींनीही द्या, कारण हिशोब तुम्हाला जास्त कळतो.

आता बक्षिसं द्यायची आहेत. चला, सुरुवात करू या.