खांब, भिंती आणि आडोसा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



साहित्याच्या व्यासपीठावर घरदुरुस्तीची हकीकत सांगण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, त्याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. आम्ही केंद्र सरकारचे नोकर. आजवर अकरा बदल्या झाल्या. सरकारी निवासस्थानात राहून भिंतीत खिळा ठोकण्यापूर्वीदेखील परवानगीचा विचार करण्याची सवय जडलेली. अशा माणसावर वडिलोपार्जित घराच्या भिंती काढण्याचा प्रसंग आला.

वाईजवळ कृष्णाकाठी आमचे दुमजली घर आहे. वाडा म्हणावा इतके ते मोठे नाही. परंतु बांधणी वाड्याचीच. दगडी जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि वर कडीपाट. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. जुन्या काळी घराचे माप खणांतच सांगत. पुढे ओसरी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेजारी बाळंतिणीची खोली. माजघरात भर दुपारीही दिवा लावावा लागे.

तीन वर्षांपूर्वी आम्हा भावंडांत घराचा प्रश्न निघाला. धाकट्या बंधूंचे मत, पाडून नवी इमारत उभारावी. जुन्या सागवानाला भाव चांगला येतो, त्यामुळे लाकूड घेणारेही येऊन खांबांना हात लावून गेले. अखेर घर राखायचे ठरले; मात्र गणपतीला सारे कुटुंब जमते, तेव्हा स्वयंपाक करणाऱ्यांनी एकीकडे आणि गप्पा मारणाऱ्यांनी दुसरीकडे असे होऊ नये, सर्वांना पुरेल असे एकच सलग दालन असावे, अशी आमची अट होती.

ही अट पुरी होणे शक्य होते, याचे श्रेय जुन्या सुतारांना. अशा घरात माळ्याचा भार खांब आणि तुळया वाहतात. आतल्या भिंती म्हणजे खांबांमध्ये पांढऱ्या मातीचे भेंडे रचून केलेली भर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. तथापि कित्येक घरांत भिंती ढासळूनही आतला लाकडी सांगाडा उभा राहिला होता.

परंतु भिंत भार वाहत नाही म्हणून ती निरुपयोगी, असे मात्र नव्हे. आमच्या अभियंत्यांनी ते समजावून दिले. खांबांची चौकट आडव्या धक्क्याने कलू नये म्हणून ही भर तिला आवळून धरते. त्यामुळे मधल्या भिंती काढल्या, तरी कोपऱ्यांतल्या खणांना हात लावायचा नाही, असे ठरले. दोन खांबांचे बूड वाळवीने पोखरले होते. तुळयांना टेकू देऊन कुजका भाग कापला आणि जुन्याच सागवानाचा तुकडा सांधला. बाहेरच्या भिंतींना एका रजेत आम्हीच हौसेने सिमेंटचा गिलावा करविला होता. त्याने आतली ओल कोंडून ठेवली होती. तो खरवडून पुन्हा चुना लावला. लाकडाचा मोठा शत्रू आग. १८२८ च्या आगीनंतर शनिवारवाड्याचे काय उरले, ते आपण जाणताच. म्हणून विजेच्या साऱ्या जुन्या तारा काढून नव्या घातल्या.

येथवर सारे सुरळीत झाले. स्वयंपाकघर आणि माजघर यांमधल्या भिंतीवर पहिला घाव घालण्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या काकू त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. वय एक्याऐंशी, त्यांतली साठ वर्षे याच घरात गेलेली. आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितले की, आता अंधार संपला, स्वयंपाक करता करता सर्वांत बसता येईल.

काकू म्हणाल्या, "अरे, तुम्हाला हा अंधार दिसतो. मला तो आडोसा होता. ओसरीवर पाहुणे असले की घडीभर पाठ टेकायची ती इथेच. तुझे काका गेले, तेव्हा रडले तीही इथेच. सगळे मोकळे केलेत, तर मी बसू कुठे?"

आम्ही निरुत्तर झालो. तो नकाशा आम्ही महिनाभर खपून काढला होता. त्यात देवघराला जागा होती, झोपाळ्याला होती, दूरदर्शन संचालाही होती. काकूंना नव्हती. त्यांना आम्ही विचारलेच नव्हते. स्त्रियांना माजघराबाहेर आणण्याच्या कल्पनेने आम्ही इतके भारावलो होतो, की ज्या स्त्रीला बाहेर आणायचे तिच्या संमतीची आवश्यकता आम्हांस वाटली नाही.

काम चार दिवस थांबविले. नंतर ओसरी आणि माजघर यांमधली भिंत काढली. स्वयंपाकघराच्या भिंतीचे दोनच खण मोकळे केले; तिसऱ्या खणातील भिंत राखून बाळंतिणीची खोली काकूंना दिली. तिला दार ठेवले आणि त्या दाराला आतून कडी. माजघरावरच्या एका खणातले पाट काढले, कड्या तशाच राहू दिल्या आणि वर छपरात काचेची कौले बसविली. आता दुपारी कड्यांच्या सावल्या फरशीवर पडतात.

पहिल्या गणपतीला आम्ही बावीस माणसे जमलो. फोडणीचा खकाणा ओसरीपर्यंत येतो आणि भांड्यांच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, हे मान्य केले पाहिजे. काकू दालनाच्या मधोमध बसून मोदकांवर देखरेख करीत होत्या. जेवणे आटोपल्यावर त्या उठल्या आणि खोलीत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला. कोणी त्यांना हाक मारली नाही.

मंडळी, आपले मंडळ पन्नाशीचे झाले. नवी पिढी येथे बदल मागते आहे आणि ते योग्यच आहे. कार्यक्रमांच्या वेळा, भाषा, बसण्याची रीत, कितीतरी भिंती काढाव्या लागतील. काढण्यापूर्वी त्यांच्याआड कोण बसत होते, एवढे मात्र आपण विचारावे.